भावाचा थ्रीडी सीटी आणि चांगल्या बाजूचं भोक

मधुमालती | सोमवार, रात्री ११.४०

एरवी मी पाककृती विभागात घुटमळणारी. इकडे पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

धाकटा भाऊ (वय २६) शनिवारी रात्री कराडजवळ बाइकवरून पडला. पडला म्हणजे उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना दिवा, ना साधी झाडाची फांदी लावलेली. शुद्ध हरपली नव्हती आणि डोक्याचा सीटी नॉर्मल आहे, हे आधीच सांगते. डावा गाल बसलाय. डोळा सुजून मिटला होता, आज जरा किलकिला होतोय. तोंड दोन बोटंही उघडत नाही. वरचा ओठ आणि नाकाची डावी बाजू बधिर आहे म्हणतो.

काल चेहऱ्याचा थ्रीडी सीटी काढायला लावला. पाकिटात दोन फिल्म. एकीवर वीस काळ्या चौकटी, दुसरीवर चार कवट्या. बदामी रंगाच्या, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. त्या कवटीला भावाचे दात आहेत. त्याचा वरचा एक दात शेजारच्यावर थोडा चढलेला आहे, तो तस्सा चढलेला दिसतो. आईने तो दात ओळखला आणि मटकन खाली बसली. तेव्हापासून पाकीट माझ्या कपाटात आहे.

आता प्रश्न. डाव्या डोळ्याच्या खोबणीत तळाशी भोक दिसतं, ते समजलं. पण उजवीकडे, जिथे साधं खरचटलेलंही नाही, तिथेही तसंच भोक आहे! डॉक्टर म्हणाले उजवी बाजू ठीक आहे, रिपोर्टातही उजवीबद्दल अवाक्षर नाही. मामा म्हणतात रिपोर्ट घाईत उरकलाय, दुसरीकडे दाखवा. शिवाय ऑपरेशन आठवड्याने करू म्हणतात. हाड मोडलंय तर थांबायचं कशाला?

फोटो जोडतेय.

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ११.५८

धाग्यातला फोटो काढला आहे. कोपऱ्यात रुग्णाचं पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक वाचता येत होता. तो भाग कापून पुन्हा चढवायला हरकत नाही.

मधुमालती | मंगळवार, रात्री १२.१०

अरे देवा, लक्षातच आलं नाही. आभार. कापून चढवलाय.

किरणोत्सारी | मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, फोटो पाहिला. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट द्यायचा मला अधिकार नाही. पण चौदा वर्षं सीटीच्या खोलीत गेलीत आणि असल्या कवट्या मी रोज बनवतो, म्हणून भोकाबद्दल बोलतो.

तुम्ही पाककृतीवाल्या, तर अळूवडीचा उंडा डोळ्यासमोर आणा. मशीन चेहऱ्याचे तसे काप काढतं. भावाचे पाऊण-एक मिलिमीटरचे दोन-तीनशे काप असतील. फिल्मवरच्या वीस काळ्या चौकटी त्यांतल्याच निवडक, बाकीचे सीडीत आहेत. सगळे काप एकावर एक रचले की उंडा परत उभा राहतो, ती तुमची कवटी. म्हणजे कवटीसाठी वेगळे किरण लागत नाहीत. पेशंट काही सेकंदांत मोकळा होतो, कवटी आम्ही नंतर कॉम्प्युटरवर बसून करतो.

प्रत्येक काप ५१२ बाय ५१२ घरांचा. प्रत्येक घरात एक आकडा. हवा उणे १०००, पाणी ०, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू अधिक ५० च्या आसपास, घट्ट हाड हजाराच्या पुढे. या मापाला हाउन्सफिल्ड साहेबांचं नाव आहे. पहिल्या पेशंटचा सीटी त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये निघाला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्वतः इंजिनियर, डॉक्टर नव्हेत. आम्हा टेक्निशियन लोकांना त्याचा उगीच अभिमान.

कवटी करताना मी कॉम्प्युटरला एवढंच सांगतो की अमुक आकड्याच्या वरचं ठेव, खालचं गायब कर. तो आकडा माउसने मागेपुढे सरकतो. उणे तीनशेवर ठेवला तर अख्खा चेहरा कातडीसकट दिसतो, डोक्याखालचा टेकू आणि कपाळावरचा पट्टाही दिसतो. वर नेत गेलं की कातडी विरते, मग मांस विरतं, दोनशेच्या पुढेमागे हाडं उघडी पडतात. आणखी वर नेलं की पातळ हाडं पण जायला लागतात. शेवटी उरतात दात आणि दातांत भरलेली चांदी.

आता तुमचं भोक. डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि नाकाकडची भिंत काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. आमचं घर त्यापेक्षा मोठं. एकाच घरात जरासं हाड, वर चरबी, खाली सायनसची, म्हणजे गालाच्या आतल्या पोकळीची, हवा. मशीन तिघांची सरासरी करून एकच आकडा लिहितं. तांब्याभर पाण्यात चमचाभर दूध घातलं तर त्याला दूध कोण म्हणेल? सरासरी माझ्या रेषेखाली गेली की ते हाड चित्रातून गेलं. म्हणून धडधाकट माणसाच्या कवटीतही दोन्ही बाजूंना ही भोकं दिसतात. तुमच्या फोटोतलं उजवं भोक कडेला विरत गेलंय, तुटका काठ दिसत नाही. मला ते त्यातलंच वाटतं. डॉक्टर काही लपवत नसावेत. खात्री मात्र काळ्या चौकटींवर करायची, कवटीवर नाही.

आणि हे डावीकडेही लागू. तिथे हाड मोडलं असेलच, पण भोक खरंच तेवढं मोठं आहे का, हे नुसत्या कवटीवरून मी सांगणार नाही.

तिरकस | मंगळवार, सकाळी ९.०२

म्हणजे पैसे घेऊन खोटी भोकं दाखवायची. झकास. आणि हेल्मेट कुठे होतं?

मधुमालती | मंगळवार, सकाळी ९.२०

हेल्मेट होतं. कोपरात अडकवलेलं. हेच ऐकायचं होतं ना? ऐकलंत. आता विषयावर काही असेल तर लिहा.

किरणोत्सारी, तुमचे आभार कसे मानू! मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. अळूवडीपर्यंत ऐकलं, मग म्हणाले, "तरी दुसरीकडे दाखवा."

तिरकस | मंगळवार, सकाळी ९.४५

लागट बोललो, मान्य. पण प्रश्न मागे घेत नाही. खरं सगळं काळ्या चौकटींत असेल तर कवटीचा थाट कुणासाठी?

जबडाजोड | मंगळवार, दुपारी २.३०

मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे हा प्रश्न मलाच आहे असं धरतो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी कवटी उघडतच नाही. आधी आडवे काप, मग समोरून घेतलेले उभे काप. उभ्या कापात डोळ्याचा तळ एका बारीक रेघेसारखा दिसतो. ती रेघ सलग आहे का, कुठे खचलीय, खचलेल्या जागेतून चरबी किंवा डोळ्याचा स्नायू खाली सायनसमध्ये लोंबतोय का, हे तिथेच कळतं. कवटीत स्नायू नाही, नस नाही, रक्त साकळलेलं नाही, डोळ्याचा गोळाही नाही. ते सगळं टेक्निशियनने आकडा सरकवून घालवलेलं असतं. डोळा वाचवायचा की नाही हा निर्णय कवटी पाहून घेणारा सर्जन भेटला तर उठून यावं.

पण गालाच्या हाडाची गोष्ट वेगळी. ते चार ठिकाणी टेकलेलं असतं: भुवईच्या टोकाला कपाळाशी, पुढे वरच्या जबड्याशी, मागे कानशिलाशी आणि खोबणीच्या आत कवटीच्या तळाच्या हाडाशी. चौथा टेकू आत लपलेला, साध्या एक्स-रेत धड दिसत नसे, म्हणून जुन्या पुस्तकांत याला तिपाई म्हणत. मार बसला की हे हाड नुसतं मोडत नाही, अख्खं फिरतं. मागे गेलं, खाली गेलं, की आत वळलं? तीन दिशांचं ते फिरणं तीनशे कापांतून मनात जुळवायला वर्षं घालवावी लागतात. कवटीवर ते एका नजरेत दिसतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी आधी काप वाचायला लावतो, मग त्यांच्याकडून कागदावर हाड कसं फिरलंय ते काढून घेतो आणि मगच कवटी उघडतो. अर्ध्या वेळा कागद चुकतो. एकदा माझाही चुकला होता.

ताई, तुमच्याकडे खालून पाहिलेली कवटी आहे ना? ती हातात घ्या. हनुवटीखालून वर बघितल्यासारखं चित्र आहे. दोन्ही गालांच्या कमानी कानाकडून पुढे येताना बघा. उजवी सुंदर बाहेर फुगलेली असेल, डावी आत दबलेली. त्या दबलेल्या कमानीच्या मागून खालच्या जबड्याचा एक सुळका वरखाली सरकत असतो. तो तिथे अडतो, म्हणून तोंड उघडत नाही. घरच्यांना मी हेच चित्र पहिल्यांदा दाखवतो. समोरची कवटी पाहून माणसं घाबरतात, खालची पाहून प्रश्न विचारतात.

बधिरपणा: गालाची नस खोबणीच्या तळातूनच पुढे येते, ती चेपली गेलीय. बहुतेकदा हळूहळू सुधारतो, काही महिने लागू शकतात.

थांबणं: सूज असताना गाल बरोबर उंचीला आला का ते डोळ्यांना कळत नाही, हाताला लागत नाही. पाच-सात दिवसांनी सूज उतरते, तेव्हा हाड अजून मोकळं असतं. तीन आठवड्यांनंतर मात्र ते वाकड्या जागी धरायला लागतं. तेव्हा तुमचे डॉक्टर रास्त बोलतायत.

या दिवसांत नाक शिंकरायचं नाही, अजिबात. सायनसची हवा तुटलेल्या तळातून डोळ्याभोवती शिरते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आणि डोळा एकाएकी घट्ट होऊन बाहेर आला, ठणकायला लागला, दिसणं मंदावलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्या क्षणी निघायचं. लहान मुलांच्या आईवडिलांनी हेही लक्षात ठेवावं: मूल तोंडावर पडलंय, डोळा वरून पांढराशुभ्र दिसतोय पण वर बघता येत नाही, उलट्या होतायत, तर स्नायू चिमटलेला असू शकतो. ते काही तासांचं काम असतं, दिवसांचं नाही. कवटीच्या चित्रात तिथे चीरसुद्धा दिसत नाही कधीकधी.

तिरकस | मंगळवार, दुपारी ३.१०

समाधान झालं. टोपी काढली.

समुद्रपक्षी | मंगळवार, संध्याकाळी ६.००

म्हापशात राहते. सहा वर्षांपूर्वी पावसात स्कूटर घसरून माझा नेमका हाच गाल गेला होता, म्हणून लॉगिन शोधून काढलं.

मला माझी कवटी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखवली. दाखवणाऱ्या मुलाला वाटलं मला गंमत वाटेल. मॉनिटरवर फिरवत होता, मातीचं मडकं चाकावर फिरावं तशी. मला एकच वाटलं, ही हसतेय का? कवटीला ओठ नसतात, म्हणून प्रत्येक कवटी हसल्यासारखी दिसते. रात्रभर ती दिसत होती.

नंतर दुसऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी तेच चित्र उघडलं, पण आधी कातडीसकट. मिटलेले डोळे, माझं नाक, सुजलेला गाल. "ही तुम्ही." मग हळूहळू कातडी पारदर्शक करत नेली, आतून हाड धूसर दिसायला लागलं. चेहरा पूर्ण गेला नाही, वर विरळ पदरासारखा राहिला. "आणि हे आतलं, इथे सरकलंय, इथून वर उचलणार, इथे छोटी पट्टी." पाच मिनिटांत संपलं. त्या रात्री झोपले.

मधुमालती, आईंना दाखवायचंच असेल तर असं दाखवायला सांगा. आणि भावाला सांगा, बधिर ओठाची सवय होते. पहिले दोन महिने चहाचा कप ओठाला लागला की नाही ते कळायचं नाही, सगळा चहा गळ्यावर. लिपस्टिक लावताना दुसऱ्याच बाईच्या ओठाला लावतेय असं वाटायचं. आता नाकाशेजारी नाण्याएवढी जागा उरलीय.

मधुमालती | मंगळवार, रात्री १०.१५

समुद्रपक्षी, तुमचा प्रतिसाद भावाला वाचायला दिला. काही बोलला नाही. मग जेवताना म्हणाला, "चहा स्ट्रॉने पितो, मग झालं?" अपघातानंतरचा पहिला विनोद.

जबडाजोड डॉक्टर, खालची कवटी बघितली. कमान खरंच आत गेलीय! दोन दिवस पाकीट घरात आहे, पण ते चित्र मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं, डोळ्यांच्या भोकांकडेच बघत बसले होते.

वकिलीण | बुधवार, सकाळी ११.२५

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करते. ट्रॉलीचा उल्लेख वाचला म्हणून थोडं कायद्याचं.

इस्पितळात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, झालीय का ते आज बघा. ट्रॉलीचा क्रमांक, जागेचे फोटो, पंचनामा गोळा करा. दाव्याच्या अर्जाला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, "बरा झाल्यावर बघू" म्हणत बसू नका. हेल्मेट डोक्यावर नव्हतं, हा मुद्दा समोरची बाजू काढणारच. काढू दे. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर उभी करणाऱ्याचा दोष त्याने पुसला जात नाही. फार तर दोघांच्या चुकीचा वाटा ठरवून रक्कम कापतात.

आता चित्राबद्दल. हाड किंवा दात मोडणं आणि चेहरा कायमचा विद्रूप होणं, दोन्ही गोष्टी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये 'गंभीर दुखापत' आहेत. पूर्वी हेच दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होतं. अस्थिभंग सिद्ध करायला आधार रेडिओलॉजिस्टच्या लेखी अहवालाचा, त्याला कवटी लागत नाही. कवटी लागते ती समजवायला. काळी फिल्म उजेडाकडे धरून "इथे बारीक रेघ आहे" असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि समोरून सभ्यपणे मान हलते. तीच दुखापत खालून पाहिलेल्या कवटीत दाखवली तर न्यायाधीश स्वतः बोट ठेवून विचारतात, "ही बाजू मुळात अशी होती?" दाव्याचं अर्धं काम त्या प्रश्नात झालेलं असतं.

पण अंगाशीही येतं. एका प्रकरणात आमच्याच बाजूने आणलेल्या चित्रात हाड लालसर तपकिरी होतं. विमा कंपनीच्या वकिलांनी साक्षीला आलेल्या डॉक्टरांना विचारलं, "हा रंग हाडाचा आहे का?" नाही. "कुणी दिला?" कॉम्प्युटरने. "बदलता येतो?" हो. "हे भोक लहानमोठं करता येतं?" डॉक्टर प्रामाणिक, म्हणाले, हो. झालं, चित्राची धार गेली. किरणोत्सारी यांनी वर लिहिलंय ते तेव्हा मला माहीत असतं तर मी आधी काप दाखवले असते, मग कवटी, आणि दोन्हींत तीच जागा खूण करून. आता तसंच करते. रंगही फिकट हस्तिदंती ठेवायला सांगते.

मूळ सीडी सांभाळा. फोनमध्ये काढलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि अपंगत्वाचा टक्का म्हणजे भरपाईचा टक्का नाही. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार प्रकरणात सांगितलंय की दुखापतीने कमाईवर काय परिणाम झाला ते स्वतंत्रपणे बघायचं. भाऊ काय काम करतो?

मधुमालती | बुधवार, दुपारी १.००

कॉल सेंटरमध्ये. दिवसभर बोलण्याचंच काम, आणि तोंड उघडत नाही. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

ताम्रपट | बुधवार, रात्री ९.३०

अवांतर आहे, पण हात शिवशिवतायत.

चेहऱ्याच्या दुखापतीचं त्रिमितीय प्रतिरूप करून मग शस्त्रक्रिया, याचं एक जुनं उदाहरण आपल्या पुण्याजवळचं आहे. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता, कागदोपत्री नाव कावसजी. १७९२ मध्ये तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या समाजातल्या माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली आणि तिथल्या सर्जनांचे डोळे उघडले.

त्यातली मला आवडणारी गोष्ट मेणाची आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून चांगलं दिसेल असं नाक घडवलं. मग तो पत्रा उलगडून सपाट केला, कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. तेवढीच कातडी सोडवायची, देठ भुवयांमध्ये शाबूत ठेवून. उभ्या आकाराचं सपाटात रूपांतर! किरणोत्सारी सपाटातून उभा आकार करतात, याने उलट केलं. नाक घडवणारे हात विटा घडवणारे होते, हा योगायोग मी मानत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात चेहरा गेलेले सैनिक हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे यायचे, लंडनजवळ सिडकपला. तिथे हेन्री टॉंक्स नावाचे चित्रकार, जे स्वतः आधी सर्जन होते, त्या चेहऱ्यांची खडूने रंगीत चित्रं काढत. फोटो होते, एक्स-रे होते, तरी चित्रकार लागला.

जबडाजोड | बुधवार, रात्री १०.०५

ताम्रपट, अवांतर कसलं! गालाचं हाड कानशिलावर केसांत छोटा छेद घेऊन, आतून पट्टी सरकवून उचलायचं, ही पद्धत गिलीज यांचीच, १९२७ ची. आजही वापरतो. मेणाची गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

अर्धवर्तुळ | गुरुवार, पहाटे ४.४०

जर्मनीत असतो, सॉफ्टवेअरवाला, म्हणून वेळ विचित्र. सीडी घरी बघायची असेल तर 'थ्रीडी स्लायसर' किंवा ब्राझीलमध्ये तयार झालेलं 'इनव्हेसॅलियस' फुकट उतरवता येतं. किरणोत्सारी म्हणतात तो आकडा स्वतः सरकवून बघा, भोकं डोळ्यांसमोर उघडतात आणि मिटतात. त्यामागचं एक गणित १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लोरेन्सन आणि क्लाइन यांनी मांडलं. कापांमधल्या प्रत्येक छोट्या घनातून सीमेचा पृष्ठभाग कसा जातो ते ठरवून त्रिकोण जोडत जायचे.

सावधान: सीडीतल्या प्रत्येक फायलीच्या पोटात नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिवस असतं. फोटोचा कोपरा कापला म्हणून झालं नाही. कुठल्याही 'मोफत ऑनलाइन व्ह्यूअर'वर चढवू नका. आणि कातडीसकट केलेलं चित्र म्हणजे ओळखता येणारा चेहराच असतो, हे विसरतात लोक.

चांगली बाजू आरशासारखी उलटवून मोडक्या बाजूवर ठेवण्याची सोयही असते. मी आत्याच्या स्कॅनवर हौसेने करून पाहिलं. कळलं काय, तर न मोडलेल्या ठिकाणीही आत्याच्या दोन बाजू जुळत नव्हत्या. कुणाच्याच जुळत नसतील.

जबडाजोड | गुरुवार, सकाळी ८.००

नाहीत जुळत. तरी खोबणीच्या मोठ्या दुखापतीत आम्ही तेच करतो: उलटवलेल्या बाजूचा साचा छापून त्यावर टायटॅनियमची जाळी आधीच वळवून ठेवायची. ऑपरेशनमधला वेळ वाचतो. सध्याच्या केसला याची गरज पडेलच असं नाही. साध्या गालाच्या हाडाला साचा, छपाई, अमुकतमुक कुणी सुचवलं तर कशासाठी ते विचारा.

मधुमालती | पुढचा गुरुवार, रात्री ११.१०

उशीर झाला, माफ करा. मंगळवारी ऑपरेशन झालं. मामांच्या समाधानासाठी आधी दुसऱ्या डॉक्टरांना सीडी दाखवली. त्यांनी काळ्या चौकटी सरकवत एका ठिकाणी थांबून पेनाच्या टोकाने दाखवलं: उजव्या खोबणीच्या तळाची रेघ, केसाइतकी बारीक, पण सलग. मामांनी चष्मा लावून पाहिलं. "आहे की हाड," म्हणाले, आणि परतीच्या गाडीत अळूवडीचं उदाहरण त्यांनीच मला समजावून सांगितलं.

डाव्या गालाला दोन पट्ट्या बसल्या. एक तोंडातून, वरच्या हिरडीच्या वरून, आणि एक भुवईच्या टोकाला. डोळ्याच्या तळाला काही करावं लागलं नाही. कापात खचलेला भाग कवटीत दिसला त्यापेक्षा बराच लहान निघाला. तोंड आता अडीच बोटं उघडतं. बधिरपणा तसाच आहे.

काल डॉक्टरांनी नंतरचा स्कॅन उघडला. मी समुद्रपक्षींची युक्ती सांगितली होती, त्यांनी आधी कातडीसकट चेहरा आणला, मग हळूहळू पारदर्शक केला. आई माझा दंड धरून उभी होती. पट्ट्या पांढऱ्या चमकत होत्या, स्क्रूसकट. आईने स्क्रू मोजले. आठ. मग पुन्हा मोजले. मग विचारलं, "आणि तो दात तसाच आहे ना?" डॉक्टरांना कळेना कुठला दात. मी दाखवला. तसाच आहे, चढलेला.

सीडी आईने मागून घेतली. घरी येऊन पाहते तर त्याच्या पत्रिकेच्या पिशवीत ठेवलीय, देव्हाऱ्याखालच्या खणात.

किरणोत्सारी | शुक्रवार, सकाळी ७.०५

ताई, छान झालं. पण देव्हाऱ्याखाली तेल, कापूर, उदबत्तीचा धूर असतो. सीडीवर ओरखडा आला की वाचत नाही. दोन्ही सीडी आजच पेन ड्राइव्हवर पूर्ण फोल्डरसकट उतरवून घ्या, आणि एक प्रत वकीलबाईंकडे द्या. मूळ सीडी राहू दे पत्रिकेजवळ.